हात वर केलेली बाई

मी जगात कुठेही असले तरी माझा धाकटा भाऊ कैलास फोनवर पहिला प्रश्न एकच विचारतो. "ताई, पाऊस कसाय तिकडं?" मी वाळवंटात असते. समोर तंबू, पाण्याच्या टँकरपुढची रांग, गळ्यात दोन कॅमेरे आणि नाकातोंडात वाळू. मी म्हणते, "बाबा रे, इकडे पाऊस पडतच नाही." तो खऱ्या काळजीनं विचारतो, "मंग लोकं पेरतेत काय?" आता याला काय सांगावं! ज्या देशात मी महिनाभर फोटो काढत फिरलेली असते, तिथले लोक काय पेरतात हे मला धड माहीत नसतं. मग आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवून देते.

या वर्षी मात्र त्यानं पाऊस विचारलाच नाही. "ताई, क्रॉसिंग लागली. बाया कमी पडून राह्यल्या. अन् साक्षीचं बी एकदाचं ठरवायचंय. तू ये जल्दी." कैलासनं पाऊस न विचारता फोन ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. पिशवी भरली आणि भोकरदनवरून आमच्या गावाला, धावड्याला येऊन पोचले.

ज्यांच्या घरी बियाण्याची कपाशी नाही त्यांना क्रॉसिंग समजावून सांगावी लागते. आमच्याकडे पोळा झाला की ती लागते आणि घट बसेपर्यंत चालते. वावरात एका बाजूला मादीच्या ओळी, दुसऱ्या बाजूला नराच्या. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची, अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतली परागाची टोपी अलगद काढून टाकायची आणि वर लाल कागदाची पिशवी घालायची. सकाळी दव सुकलं की पिशवी काढायची, नराचं फूल घ्यायचं, त्याच्या पाकळ्या मागं दुमडायच्या आणि या उघड्या फुलावर हलकेच फिरवायचं. याला आम्ही फूल लावणं म्हणतो. बस्स. पण हे त्याच सकाळी. दुपार झाली की फूल मिटायला लागतं, संध्याकाळी गुलाबी पडतं, आणि मग त्याच्यापुढे कुणी हात जोडले तरी उपयोग नाही. संध्याकाळी नजरेतून सुटलेली एखादी कळी सकाळी आपली आपणच उमलते. ती तोडून फेकायची. तिचं बी शुद्ध धरत नाहीत.

गयामावशी, आमच्या बायांच्या टोळीची मुकादम, त्या फुलाकडे बोट दाखवून दरवर्षी माझी टर उडवते. "मंगल बी अशीच. आपली आपणच उमलली. कुणी तोडून फेकली न्हाई हे नशीब समज." सगळ्या बाया खिदळतात. मीही खिदळते. लग्न राहून गेलं याचं मला दुःख आहे की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. कधी आहे, कधी नाही. भादव्याच्या उन्हासारखं ते येतं आणि जातं.

अंगठ्याचं नख मी अजूनही वाढवते. सवय. विमानतळावर, हॉटेलात, बरोबरचे फोटोवाले विचारतात, गिटार वाजवतेस का? मी हो म्हणते. कपाशीच्या कळीची गोष्ट कोण सांगत बसणार.

तर साक्षीचं. साक्षी ही कैलासची पोरगी. शेतकी शाखेची पदवी झाली आणि तिच्यापुढे दोन दारं एकदमच उघडली. एक जालन्याला, एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. पर्मनंट. सुट्टीला मोटरसायकलवर जाणं-येणं, दिवाळीला घरी. दुसरं दार पार तिकडं, परदेशात. काही फोटोवाल्यांचा एक गट आहे, नदीकाठच्या गावांवर वर्षभर काम करणार आहे. साक्षीनं त्यांना आपले फोटो पाठवले होते, कुणालाही न सांगता. त्यांनी तिला बोलावलं. क्रॉसिंग संपायच्या आत दोन्हीकडे कळवायचं होतं, आणि घरात त्यावरून इतकी वादावादी झाली होती की संगीता, माझी भावजय, नवऱ्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरतंच बोलत होती.

मी आले त्याच संध्याकाळी कैलासनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि हात झटकले. "नाव तू ठेवलं. आता पुढचं बी तूच सांग. तू म्हणशील तसं. मी बिलकुल मधी पडणार न्हाई." एवढं बोलून तो पंप पाठीला लावून वावरात निघून गेला. संगीता दाराशी उभी होती. "ताई, मी काय म्हणणार? तुम्ही जग पाह्यलंय," ती म्हणाली. पण तिचे डोळे जे म्हणत होते ते मला व्यवस्थित ऐकू येत होतं: एक गेली ती गेली, आता दुसरी नको.

नाव मी ठेवलं हे खरं आहे, पण ते कसं ठेवलं ते ऐकण्यासारखं आहे. साक्षीच्या बारशाला मी नव्हते. मी कुठल्याशा विमानतळावर अडकले होते. आत्याशिवाय बारसं कसं होणार? मग कैलासनं डोकं चालवलं. फोन लावला आणि तो पाळण्यातल्या पोरीच्या कानाला धरला. विमानतळावरच्या त्या गोंगाटात, एका हातानं दुसरा कान दाबून, मी फोनमध्ये कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आता रीत अशी की आत्या कानात नाव सांगत असताना बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्या तर हजार कोसांवर. बाया थोड्याच गप्प बसणार! फोन ज्याच्या हातात होता त्याच्याच पाठीत त्यांनी धपाधप घातले. मला इकडे नुसताच आवाज ऐकू आला आणि कैलासची बोंब. "ताई, जल्दी सांग, मरून राह्यलो!" मी हसत हसत रडले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं मला कागदी रुमाल दिला. तिला वाटलं, माझं कुणी गेलं.

मग त्या पोरीला मी काय सांगू? ओट्यावर बसले की मनात एक बाई म्हणते, जाऊ दे तिला. दुसरी म्हणते, वेडी आहेस का? आणि दोघींचंही मला पटतं.

संगीतानं एकदा मला विचारलं होतं, "ताई, फ्रीलान्स म्हंजे नेमकं काय असतं?" मी सांगायला लागले, की नोकरी नसते, आज या मासिकासाठी, उद्या त्या वर्तमानपत्रासाठी. ती ऐकत होती, पण तिच्या काही ध्यानात येईना. शेजारी गयामावशी लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "अगं, रोजानं जाती ती. आपल्यावानी. ज्याच्या वावरात काम निघालं त्याच्याकडं." मला याहून बरं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. पण त्यात एक फरक आहे, तो मी तेव्हा बोलले नाही. गयामावशी संध्याकाळी घरी येते.

माझं हे सगळं सुरू झालं तेही अशाच एका क्रॉसिंगमध्ये. मी बारावी होऊन घरी बसले होते. जालन्यात शांतिलालकाका म्हणून मारवाडी व्यापारी होते, बियाण्याचं दुकान होतं त्यांचं. गावोगावचे प्लॉट तेच ठरवून द्यायचे आणि दर हंगामात एकदा कॅमेरा घेऊन यायचे, कंपनीला प्लॉट दाखवायला. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता. बांधावरच खुर्ची टाकून बसले आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "बेटा, इथून बघायचं, इथं दाबायचं. मादीच्या ओळी घे, नराच्या ओळी घे, लाल कागद बराबर दिसले पाहिजे. जा."

मी गेले. पहिल्या दोन फोटोंत बहुतेक ओळी आल्या असतील. त्यानंतर मला काय झालं कोण जाणे. त्या काचेतून मला गयामावशीचा अंगठा दिसला. नखात पिवळं भरलेलं, नखाखाली हिरवं. मग कुणाची पाठ, ब्लाउजवर घामाचं मीठ. मग एक म्हातारी, जी लाल कागदाच्या पिशव्या ओच्यात घेऊन इतक्या मानानं चालत होती की जणू महालक्ष्म्यांची ओटी नेते आहे. मी बटण दाबत सुटले. गयामावशीच्या समोर गेले तर तिनं एकदम हात वर केला, तळवा माझ्याकडे. मी थांबले. तिनं पदर डोक्यावर घेतला, कपाळाचा घाम पुसला, कुंकू पाहिलं आणि ताठ उभी राहून म्हणाली, "हां, काढ आता." फोटोत ती खांबासारखी आली. जीव कुठेच नव्हता. सगळ्या रोलमध्ये तेवढाच एक वाया गेलेला फोटो, असं मला तेव्हा वाटलं.

शांतिलालकाकांनी रोल धुऊन आणला. सगळे फोटो दुकानाच्या गादीवर मांडले, चष्मा वर केला, खाली केला. "बेटा, सगळं झकास हाय. पण यात कपाशी कुठंय?" मी मान खाली घातली. ते मला रागावले नाहीत. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा गयामावशीचा तो खांबासारखा फोटो त्यांच्या तराजूच्या मागे भिंतीला लावलेला होता. "बाई बघून राह्यली आपल्याकडं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक भाव करायला लाजतं." कॅमेराही त्यांनी मलाच देऊन टाकला. म्हणाले, तुझ्या हातून कंपनीचं काम होणार नाही, तू दुसरं काहीतरी कर. हा आशीर्वाद होता की वैताग, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी फार फिरले. पूर पाहिले, संप पाहिले, निवडणुका पाहिल्या, सीमेवर आपलं घर डोक्यावर घेऊन चालणारी माणसं पाहिली. फोटोवाल्याला उलटं चालता यावं लागतं. मोर्चा असो की मयत, आपण लोकांच्या पुढे, तोंड त्यांच्याकडे आणि पाय मागे मागे. आमचे वडील, अण्णा, गेले त्या दिवशी मी एका परक्या गावात कुणाच्या तरी अण्णांच्या अंत्ययात्रेपुढे अशीच उलटी चालत होते. निरोप मिळाला तेव्हा इकडे सगळं उरकलं होतं. त्या परक्या माणसाच्या मुलीचा चेहरा माझ्याकडे आहे, अगदी जवळून. माझा स्वतःचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते कुणालाच माहीत नाही. आजही भाकरी मोडताना ते मधेच आठवतं. असलं आयुष्य मी पोरीला घे म्हणून सांगू?

पण मग मादागास्कर आठवतं, आणि सगळं पुन्हा उलटंपालटं होतं.

तिथे डोंगरात व्हॅनिलाच्या वेली आहेत. त्यांची फुलं बाया हातानं लावतात, माहीत आहे? एक एक फूल. बारीक काडीनं आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं दाबायचं. फूल उमलतं एकच सकाळ. मी ते पाहिलं आणि ओरडलेच. अरे, ही तर क्रॉसिंग! दर्या ओलांडून इतक्या लांब आले आणि इथे आमच्या धावड्याच्या बाया! मी कॅमेरा झाडाला अडकवला, एका बाईच्या हातातली काडी मागून घेतली आणि लागले फुलं लावायला. माझा अंगठा पाहून त्या बाया एकमेकींना खुणा करायला लागल्या. एक फूल मी फाडलं. पुढचं जमलं. त्यांच्यातली एक मोठी बाई माझ्या पाठीवर हात ठेवून इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मला एक शब्द कळत नव्हता आणि तिला माझा. तेवढ्यापुरतं मला वाटलं, की मी या जगात बरोबर जागी उभी आहे.

मग मला काम आठवलं. कॅमेरा काढला. ती मोठी बाई उठत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिनं हात वर केला, तळवा माझ्याकडे, त्यावर वेलीचा चीक चमकत होता, आणि मागे तिचा चेहरा. मी बटण दाबलं.

लोक मला ओळखतात ते त्या एका फोटोमुळे. मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. कुणी त्याला स्वागत म्हणालं, कुणी आशीर्वाद म्हणालं. आमचा दुभाषी त्या सकाळी तापानं झोपला होता, आणि दुपारी आम्ही पुढच्या गावाला निघालो. ती बाई काय म्हणत होती, मला माहीत नाही. थांब म्हणत होती? नको म्हणत होती? की गयामावशीसारखं, पदर सारखा करू दे, मग काढ? इतकी वर्षं झाली, तो फोटो पाहून लोक टाळ्या वाजवतात आणि मी मान लववते.

या क्रॉसिंगमध्ये, दुपारच्या सावलीत, मी तो फोटो मोबाइलवर काढून गयामावशीच्या पुढे धरला. "मावशी, सांग बरं, ही बाई काय म्हणून राह्यली?"

मावशीनं मोबाइल लांब धरला, जवळ आणला. "काय म्हणणार? थांब म्हणती. तुला उतावीळच लई."

"न्हाई वं मावशी," दुसरी म्हणाली, "हात बघ की कसे भरलेत. पाणी दे म्हणती धुवायला."

तिसरी म्हणाली, "रामराम करती. पाव्हणी आली म्हणून."

मग मोबाइल संगीताकडे आला. तिनं फोटो पाहिला आणि तिकडे पाहत पाहतच म्हणाली, "पुरे झालं म्हणती, ताई. आता घरी जा म्हणती."

 मग गयामावशी ओरडली, "चला गं, कळ्या आपल्या आपण सोलणार न्हाईत," आणि सगळ्या उठल्या. मी विचारायला गेले एक आणि माझ्या पदरात पडली चार उत्तरं.

साक्षी या सगळ्यात होती, पण मला काही विचारत नव्हती. मला वाटलं होतं, पोरगी मागे लागेल, रडेल, आत्या बाबांना सांग म्हणेल. तसलं काही नाही. पहाटे उठायची, डबे भरायची, आमच्याबरोबर वावरात यायची. लाल पिशव्या घालण्यात तिचा हात बराच जल्दी चालतो. मधेच कॅमेरा काढायची, पाच-दहा फोटो घ्यायची, परत ठेवायची. एकदा मीच न राहवून म्हणाले, "अगं, तुझं तरी काय म्हणणं आहे?"

"मला जायचंय, आत्या. पण आईला सोडून न्हाई जायचं," ती म्हणाली. "दोन्ही खरं हाय. तुला बी असंच व्हायचं का?"

"मला अजून होतं," मी म्हणाले. ती हसली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

शेवटी मीच म्हणाले, तुझे फोटो दाखव. संध्याकाळी ओट्यावर बसलो. खोटं कशाला बोलू, ते फोटो वाईट निघावेत असं मला मनापासून वाटत होतं. वाईट असते तर प्रश्नच मिटला असता. जालना, प्रयोगशाळा, दिवाळीला घरी. मी एक एक बघत गेले. काही अगदीच बाळबोध. काही इतके नटवे की मला राग आला. आणि मधे दोन असे की मी चहा प्यायची विसरले. एकात नुसता बांध होता आणि त्यावर ओळीनं काढून ठेवलेल्या चपला; प्रत्येकीची चप्पल पाहून मला बाई ओळखू येत होती. झालं! ना धड चांगले, ना धड वाईट. माझीच पंचाईत.

आणि मग माझा फोटो आला.

मी कपाशीत उभी होते, कमरेत वाकून, डाव्या हातात मादीचं फूल आणि उजव्यात नराचं. केस सुटलेले. तोंड उघडं. मी स्वतःशीच काहीतरी बोलत असणार, मला ती खोड आहे. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मी तो चेहरा कधी पाहिलेला नव्हता. आरशात मी अशी नसते. म्हातारी दिसत होते आणि एखाद्या पोरीसारखीही दिसत होते. मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे पकडत हिंडले आणि ही कालची पोरगी मला न विचारता पकडते म्हणजे काय!

"काढून टाक हा," मी म्हणाले.

"बरं." तिनं बोट दाबलं. फोटो गेला.

मी पाहतच राहिले. "अगं, खरंच काढलास?"

"तूच म्हणलीस ना."

"मग वाद तरी घालायचास! इतका चांगला फोटो होता. मी नंतर हो म्हणाले असते!"

"असंल," ती म्हणाली. "पण तुझं तोंड हाय ते, आत्या."

आणि ती आत निघून गेली, तिला भाकरी टाकायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कळ्या सोलताना माझं नख जाग्यावर नव्हतं. दोन कळ्या मोडल्या. गयामावशी म्हणाली, "मंगल, झोपली का गं?" मी झोपले नव्हते, मी भांडत होते. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यातला कुठलाही संपादक म्हणाला असता, ही पोरगी या कामाची नाही; चांगला फोटो असा टाकून देतात होय? आणि त्याचं बरोबर आहे. मी तरी त्या डोंगरावरचा फोटो टाकला असता का? मला कुणी सांगितलंच नाही टाक म्हणून. किंवा सांगितलं असेल, आणि मला ती भाषा येत नव्हती. मग ही पोरगी या कामाला नालायक आहे, की हिच्याइतकं लायक मी कुणी पाहिलेलंच नाही? एका झाडापाशी मला हे वाटायचं, पुढच्या झाडापाशी ते. ओळ संपली तरी माझा निकाल लागला नव्हता. त्यात तो गेलेला फोटो डोळ्यापुढून हलत नव्हता. मला तो हवा होता. इतका हवा होता की मला लाज वाटली.

क्रॉसिंगच्या शेवटच्या दिवशी बांधावर वरण-बट्टी असते. शेवटची फुलं लावून झाली, रिकाम्या लाल पिशव्या गोणीत भरल्या, आणि सगळ्या बाया हात न धुताच गोल करून बसल्या. गोवऱ्यांच्या धगीत भाजलेल्या बट्ट्यांचा वास, वरणाला लसणाची फोडणी, आणि सगळ्यांची बोटं हळद लावल्यासारखी पिवळी. कैलास वाढत होता. वाढता वाढता तो माझ्यापुढे थांबला.

"मंग ताई? आज दोन्हीकडं कळवायचंय पोरीला. काय ठरलं?"

 संगीतानं हातातली बट्टी ताटात ठेवली. साक्षी माझ्यासमोर बसली होती, गळ्यात कॅमेरा, आणि ताटाकडे पाहत होती. मी माझ्या आत पाहिलं. तिथे अजून तोच गोंधळ होता. अण्णा होते, तो विमानतळ होता, ती डोंगरावरची बाई हसून हसून खाली बसली होती. उत्तर कुठेच नव्हतं. फक्त एक गोष्ट मला कळत होती. त्या बाईच्या समोर माझ्या जागी साक्षी असायला हवी होती.

"इकडे ये," मी म्हणाले.

ती आली. मी तिची मान जवळ ओढली आणि तिच्या कानाला तोंड लावलं. केसांना कपाशीचा उग्र वास होता. "जा," मी म्हणाले. "चांगलं का वाईट ते मला अजून कळलेलं नाही. तरी जा. आणि कुणी नको म्हणालं तर तसंच काढून टाक, वाद न घालता."

तिनं माझा हात घट्ट धरला.

"काय म्हणली? काय म्हणली?" चारी बाजूंनी सुरू झालं. गयामावशीनं ताट बाजूला सारलं. "अगं, आत्यानं कानात सांगितलं, अन् तुम्ही बसून काय राह्यल्या? हिच्या बारशाचे धपाटे राह्यलेत की!" आणि तिचा पहिला धपाटा माझ्या पाठीत बसला. मग दुसरीचा, तिसरीचा. मी ओरडले, वाकले, हसायला लागले. कैलास वाढणं सोडून नाचायला लागला. "घाला, घाला, जोरात! तवा माझी पाठ मोडली होती!" शेवटी संगीता उठली. काय सांगितलं ते तिला न सांगताच कळलं होतं. ती रडत होती. तिचा धपाटा सगळ्यांत जोरात होता, इतका की मला श्वास घेता येईना, आणि मग तिनं तोच हात माझ्या पाठीवर तसाच राहू दिला.

मी डोळे पुसत वर पाहिलं तर साक्षी दोन पावलं मागे सरकली होती आणि तिनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. माझा हात आपोआप वर गेला. तळवा तिच्याकडे, बोटं पिवळी. थांब म्हणत होते, ओढणी सारखी करू दे म्हणत होते, की ये म्हणत होते, देवाशपथ मला माहीत नाही.

साक्षीनं कॅमेरा खाली घेतला.

"काय म्हणतीस, आत्या? काढू का नको?"

मी हात तसाच वर ठेवला. "काढ," मी म्हणाले.